चार वाजताची ताटली

बाळांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्हा दोघांचं भांडण लागलं आणि शेवटी ते माझ्या अंगावर आलं. ताईचं म्हणणं, ती सकाळी काहीच खात नाही. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा, संपलं. दादाचं म्हणणं, दर तीन तासांनी खाल्लं नाही तर व्यायामाने कमावलेलं सगळं उतरतं, म्हणून तो पाच डबे भरून बाहेर पडतो. मग दोघं एका सुरात म्हणालात, "आजी, तूच सांग, माणसाने दिवसातून किती वेळा खावं?" मी म्हटलं, "लिहून पाठवते." तुम्ही हसलात, कारण आजी सगळंच लिहून पाठवते.

आत्ताच लिहायचं कारण असं की या प्रश्नापायी माझे गेले पाच महिने गेले आहेत आणि सगळं अजून ताजं आहे. पुढच्या वर्षी हीच हकीकत मी जरा जास्त शहाणपणाने सांगेन आणि स्वतःच्या चुका गाळून टाकेन. त्याआधी वाचून घ्या.

दिवाळीनंतर मी आणि तुमचे आजोबा नेहमीच्या तपासणीला गेलो. इथे लातूरला आमच्या डॉक्टर म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी. अकरावीला माझ्या इंग्रजीच्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची आणि वहीत कधी समास सोडायची नाही, त्यावरून मी तिला फार बोललेली आहे. आता ती माझा कागद हातात घेऊन चष्म्यावरून बघत होती.

"मॅडम, साखर उंबरठ्यावर येऊन उभी आहे. आत घ्यायची की बाहेरूनच परत पाठवायची, ते आत्ता ठरवावं लागेल. दिवसातून किती वेळा खाता?"

"दोन वेळा," मी म्हणाले.

शेजारी तुमचे आजोबा खोकले.

मी खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे खाणं म्हणजे पाट किंवा खुर्ची, समोर ताट, त्यात भाकरी, वरण, चटणी. ते दोनदाच होतं. बाकीचं नुसतं तोंडात टाकणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठवडाभर वहीत लिहा. पाणी सोडून तोंडात जाईल ते सगळं."

वही म्हटल्यावर मला हुरूप आला. मी शंभर पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले. वेळ, पदार्थ, किती आणि भाजी. पाचवा रकाना मी माझ्या मनाने घातला: "का?" शिकवताना मुलांना मी हाच प्रश्न विचारत आले, तेव्हा स्वतःला का विचारू नये?

पहिल्याच दिवशी संध्याकाळी मोजलं तर अकरा वेळा झालं होतं. पहाटे आजोबांबरोबर चहा आणि टोस्ट. सातला दूध घालायला आलेल्या बाई टेकल्या, त्यांच्याबरोबर अर्धा चहा. साडेआठला नाष्टा, त्या दिवशी चुरमुऱ्यांचा सुशीला होता. दहाला कामाच्या मावशींबरोबर चहा आणि एक खारी. मग जेवण, जेवणावर गुळाचा खडा. चारला शेजारची आपा आणि तिची ताटली. सहाला आजोबांचे एसटीतले मित्र आले, त्यांच्याबरोबर भजी. असं होत होत झोपताना हळदीचं दूध. आणि पाचव्या रकान्यात काय? "भूक" हा शब्द दिवसभरात एकदाच. बाकी सगळीकडे एकच शब्द, माझ्याच सुवाच्य अक्षरात: "सोबत."

हे तुम्हाला तिकडे कळणार नाही, म्हणून सांगते. माझ्या माहेरी, नांदेडला, माझी आई कोणालाही एकटं जेवू देत नसे. मुखेडहून कोणी पाहुणा अवेळी उतरला तरी ती त्याच्यासमोर चतकोर भाकरी घेऊन बसायची, पोट भरलेलं असलं तरी. खाणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून. मीही तेच केलं, पन्नास वर्षं, आणि ते मला कधी खाणं वाटलंच नाही.

तुमचे आजोबा बस स्थानकावर वाहतूक नियंत्रक होते हे तुम्हाला माहीत आहे. माझी वही बघून त्यांना जुने दिवस आठवले. हाताचा कर्णा करून ते स्वयंपाकघरात म्हणाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. अहमदपूरमार्गे नांदेडला जाणारी खारी फलाट क्रमांक दोनवर लागून राहिली आहे. मागोमाग जादा गाडी, भजी!"

"तुम्ही किती वेळा खाता ते लिहू का?"

"माझी साखर बरी आहे. मी साधा प्रवासी."

आता पहिली चूक. आठवडा संपल्यावर वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं सोडून मी आजोबांच्या एका मित्राचं ऐकलं. त्यांनी फोनवर आलेला एक तक्ता छापून आणला होता: दिवसातून सहा छोटी जेवणं. तक्ता दिसला की माझी बुद्धी जरा बंद पडते. मी तो फ्रिजला चिकटवला. अकराला मूठभर फुटाणे, पाचला केळं, असं सगळं घड्याळाप्रमाणे. पण दोन मोठी जेवणं छोटी काही होईनात. आजोबा म्हणाले, "भाकरी थापताना अख्खीच थापावी लागते, मग अर्धी कोणी खायची?" आणि सोबतीचं तर चालूच होतं. दोन आठवड्यांनी माझं वजन दोन किलोने वाढलं.

डॉक्टरीणबाईंनी वही उघडली, टेबलावरचं लाल पेन उचललं आणि पानं उलटत गेल्या. मला घाम फुटला.

"मॅडम, ही सहा जेवणं जुन्या अकरांच्या ऐवजी होती, की जुन्या अकरांच्या सोबतीला?"

"सोबतीला," मी म्हणाले. आजोबा छताकडे बघत होते.

मग तिने नीट समजावून सांगितलं. ते तुमच्या भांडणासाठी महत्त्वाचं आहे म्हणून तिच्याच शब्दांत देते. "आकड्यात जादू नाही, मॅडम. थोडं थोडं सारखं खाल्लं की साखर ताब्यात येते, असं सरसकट म्हणता येत नाही. आणि दोनदाच खाल्लं की आपोआप सगळं बरं, असंही नाही. त्या दोन वेळांत काय आणि किती खाता, ते बघावंच लागतं. तुमच्या वहीत मला दिसतं ते असं, की जेवणांच्या मधलं सगळं मैदा, साखर आणि तळलेलं आहे, आणि ते भुकेपोटी नाहीच. भाजीचा रकाना मात्र कोरा. तुम्ही तीनदा खा. रात्रीचं साडेसातच्या आत. मध्ये काही नको. तीन महिन्यांनी परत तपासू. उतरली नाही तर गोळी सुरू करू."

गोळीची मला भीती नव्हती. पण परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटलं असतं, आणि तेही स्वतःच्या विद्यार्थिनीकडून.

घरी आल्यावर मी कामाला लागले. साखर, गूळ, टोस्ट, फरसाण सगळं डब्यांत भरून माळ्यावर टाकलं. पहाटेचा चहा बिनसाखरेचा, नुसता. मावशींना म्हटलं, तुम्ही चहा घ्या, मी जवळ बसते. त्यांना ते पटेना. "तुमी न्हाई घेणार तर मला बी नगं. एकटीनं कप तोंडाला लावायचा म्हंजे चोरी केल्यावानी वाटतंय." शेवटी मी पेपर घेऊन बसू लागले आणि त्या चहा पिताना त्यांना बाजारभाव वाचून दाखवू लागले. त्यांच्या घरची तूर येणार होती, त्यामुळे ही सोबत त्यांना पहिल्यापेक्षा जास्त आवडली. आठ दिवसांत वहीतले बहुतेक "सोबत" गेले.

चार वाजताचा राहिला.

आपाला तुम्ही खाला म्हणता. आपली आणि तिची कंपाउंडची भिंत एकच आहे, कमरेएवढी. त्यांच्या घरचं बांगड्यांचं दुकान आहे, चार पिढ्यांचं. आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षी ईदला तिने भिंतीवरून शेवयांची ताटली दिली होती. माझ्या सासूबाईंनी ती रिकामी केली नाही, तशीच परत पाठवली, "आमच्याकडे चालत नाही, पुन्हा पाठवू नका" असा निरोप देऊन. मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी चार वाजता सासूबाई खिडकीत बसलेल्या असताना मी भिंतीपाशी गेले आणि आपाला म्हटलं, "काल काय होतं ते मला खायचंय." शेवया संपल्या होत्या. तिने नानखटाई आणली आणि मी ती उभ्याने खाल्ली. तिथून आमचं चार वाजताचं सुरू झालं, त्याला एकतीस वर्षं झाली. ताटली कधी तिकडून, कधी इकडून. सासूबाईंनीही पुढे शेवटच्या आजारात स्वतःच्या तोंडाने म्हटलं, "त्या पलीकडचीला सांग, तिची शेवयांची खीर कर म्हणावं."

आणि एक रीत तुम्हाला माहीत असायला हवी. शेजाऱ्याची ताटली रिकामी परत द्यायची नसते. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायची.

आता माझी दुसरी चूक, मोठी. आपाला तोंडावर "खाणार नाही" म्हणायला जीभ उचलेना, म्हणून मी चिठ्ठी लिहिली. मला वाटलं, लिहिलेलं नेमकं असतं. "उद्यापासून चारला ताटली पाठवू नये. मी मध्ये काही खात नाही." तिची ताटली माझ्याकडे होती. ती घासून, पुसून भिंतीवर ठेवली, त्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर एक खडा. साखर माळ्यावर होती आणि ताटलीत दुसरं काही ठेवायचं मला सुचलंच नाही.

आपा मराठी छान बोलते, पण वाचायची सवय तिला उर्दूची. ती चिठ्ठी तिच्या सुनेने तिला मोठ्याने वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी चारला मी भिंतीपाशी गेले. कोणी नव्हतं. वाटलं, दुकानात गर्दी असेल. तिसऱ्या दिवशी त्यांची खिडकी लावलेली. चौथ्या दिवशी मी आजोबांना म्हटलं, आपाला बरं नाही का? त्यांनी विचारलं, तू काय निरोप दिला होता? मी सांगितलं. त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"ताटलीत काय घातलं होतं?"

"चिठ्ठी."

"आणखी?"

"खडा. चिठ्ठी उडू नये म्हणून."

"अगं, काय करून राहिलीस तू! रिकामी ताटली, आणि वर पाठवू नका म्हणून लेखी? माझ्या आईने तोंडी तरी सांगितलं होतं!"

एकतीस वर्षांपूर्वीचा निरोप मी माझ्या अक्षरात पुन्हा पाठवला होता. साखर, गोळी, सगळं डोक्यातून गेलं. आपा गमावून मिळणारा चांगला रिपोर्ट घेऊन मी काय करणार होते?

मी वही काखेत मारली आणि समोरच्या दाराने त्यांच्याकडे गेले. आपा ओसरीत खुर्चीवर बसली होती. उठली नाही.

"या बाई. बसा. खायला काय द्यायचं न्हाई म्हन्ता, मग पानी तरी चालतं का आमच्याकडचं?"

"आपा, आधी हे ऐका," म्हणून मी वही उघडली आणि वाचायला लागले. काय सांगावं ते सुचत नव्हतं, म्हणून लिहिलेलं वाचलं. "सोमवार, चार वाजता, आपा, नानखटाया दोन, सोबत. मंगळवार, चार वाजता, आपा, खारी तीन आणि चहा साखरेचा, सोबत. बुधवार, चार वाजता, आपा, गुलगुले पाच..."

"पाच? तीनच दिले होते."

"दोन मागून घेतले."

"हाव, घेतले होते." तिने हात पुढे केला. "अजून किती जागी हाय मी त्यात?"

मी पानं दाखवली. मग साखरेचं सांगितलं, तीन महिन्यांचं सांगितलं, ताटली रिकामी गेली ती माझ्या वेंधळेपणाने, हेही सांगितलं. ती वहीकडे बघत होती. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"या अल्ला! बाई, तुमच्या साखरेचा सगळा गुन्हा माझ्याच नावावर लिवला की!"

मग ती उठली, कपाटातून बांगड्यांचं एक लांबट खोकं काढलं आणि माझ्यासमोर उघडलं. आत बांगड्या नव्हत्या. गोळ्यांची पाकिटं होती.

"दोन साल झाले. सुनेला ठाऊक हाय, पोरांना न्हाई. उगी दुकान सोडून मागे लागतील."

"साखर? तुम्हाला? मग रोज चारला नानखटाई का खात होता?"

"तुमच्या सोबतीला! तुम्ही एवढ्या खुशीनं खायच्या, मी न्हाई कसं म्हनू?"

"आणि मी तुमच्या सोबतीला खात होते!"

आम्ही दोघी एवढ्या हसलो की सून आतून पळत आली. तिला वाटलं भांडण जुंपलं. कोणालाच नको असलेलं खाणं आम्ही दोघी एकमेकींसाठी रोज शिस्तीत खात होतो.

दुसऱ्या दिवशी चारला आम्ही भिंतीपाशी उभ्या राहिलो. ताटली नाही, कप नाही. आणि बाळांनो, हातांचं काय करावं तेच कळेना. एकतीस वर्षं हातात काहीतरी होतं. आपा म्हणाली, "असं नको. मेहमान आल्यावानी वाटून राहिलंय." ती आत गेली आणि मेथीची जुडी परातीत घालून घेऊन आली. अर्धी माझ्या पुढ्यात टाकली. "निवडा."

तिथून रोज परात. मेथी, शेपू, चुका, मग तुरीच्या हिरव्या शेंगा सोलायला आल्या, मग हरभऱ्याची भाजी. हिरवे हरभरे सोलताना आपाने चार दाणे तोंडात टाकले आणि मला म्हणाली, "हे लिवायचं का?" मी म्हटलं, "लिहायचं." "मग लिवा, चार वाजता, बाई, चार दाने. या खेपेला गुन्हा तुमच्या नावावर."

निवडलेली भाजी घरात आली की शिजवावीच लागते. पूर्वी निवडायचा कंटाळा म्हणून मी वरण आणि चटणीवर भागवायची. आता दोन्ही जेवणांत हिरवी भाजी येऊ लागली आणि भाजीचा तो कोरा रकाना आपोआप भरत गेला. भाजी जास्त झाली तशी भाकरी अर्धी पुरू लागली. थापलेली अख्खी आम्ही दोघं वाटून घेतो. रात्रीचं जेवण सव्वासातला. आजोबांनी कुरकुर केली, मग पट्ट्याला आतल्या बाजूने नवीन भोक पाडावं लागलं तेव्हा सगळ्या मित्रांना बोलावून दाखवलं. ते आता त्यांना फुटाणे देतात आणि "जादा गाडी रद्द" अशी घोषणा करतात.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी आधी रिपोर्ट बघितला, मग वही मागितली. लाल पेनाने शेवटच्या पानावर बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, "गुड." साखर उंबरठ्यावरून मागे सरकली होती. फार नाही, पण सरकली. गोळी नको.

"नुसतं गुड?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्ही मला दोन वर्षांत एकदाही व्हेरी गुड दिलं नव्हतं."

त्याच दिवशी मी आपालाही बरोबर नेलं होतं, कारण रमजान तोंडावर आला होता. आपा डॉक्टरांना म्हणाली, "आमचं तर महिनाभर दोनच टायमाचं खानं असतंय, तरी माझी साखर त्याच महिन्यात चढती. मग कमी टाइम खाऊन काय फायदा झाला?" डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, रोजा सोडताना सरबत, भजी आणि वर शिरा, मग दोन वेळा काय आणि दहा वेळा काय. त्यांनी गोळीच्या वेळा बदलून दिल्या, साखर कधी मोजायची ते सांगितलं, आणि मोजणी अमुक एका आकड्याच्या खाली गेली तर संध्याकाळची वाट न बघता रोजा सोडायचा, असं वचन घेतलं. आपाने ते एकदा पाळलंही, नाक मुरडत.

या रमजानमध्ये चार वाजता ती उपाशी आणि मीही उपाशी, आणि मधे परात. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ती मला म्हणाली नाही की बाई, तुम्ही तरी खा. संध्याकाळी रोजा सोडायला मी कापलेली पपई, काकडी आणि उकडलेले हरभरे ताटलीत घालून पाठवत होते.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ताई, तू दोनदा खातेस त्याला माझं म्हणणं नाही; पण त्या दोन वेळांत भाजी किती, आणि मधल्या वेळात कॉफीच्या नावाखाली काय काय पितेस, ते लिहून काढ. दादा, तुझे पाच डबे जेवणाच्या ऐवजी आहेत की जेवणाच्या सोबतीला, ते बघ. दोघांनी एक आठवडा पाचवा रकाना भरा आणि मला फोटो पाठवा. समास सोडून लिहा. आणि कधी काही दुखलं-खुपलं, तर फोनवरच्या तक्त्यापेक्षा तिथल्या डॉक्टरांना विचारा. आजीने तक्त्यावर विश्वास ठेवून दोन किलो वाढवले आहेत.

इथे मी आता तीनदा खाते. वहीचं शेवटचं पान भरलं, नवीन आणलेली नाही. कंपाउंडची भिंत आहे तिथेच आहे. चार वाजता आम्ही दोघी तिच्यापाशी असतो. ताटली अजून इकडून तिकडे जाते, आता निवडलेल्या भाजीची, आणि रिकामी परत येत नाही.